शिर्केकाकांचे धाकटे आणि माझे संपादक

आमच्या नात्यात शारजाच्या विमानतळावरचा ब्लँकेटचा किस्सा बहुतेकांना पाठ आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपून बायका पाय पसरून बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "ते ब्लँकेटचं सांगा ना!" मग मी सांगते. काउंटरसमोर बॅगा उघडल्यावर गावी वाटायला घेतलेले आमच्या ह्यांचे जुने लेंगे सगळ्या देशांच्या लोकांसमोर कसे बाहेर आले, दुधाच्या पावडरीचे डबे कसे घरंगळत गेले, मागचे लोक घाईला येऊन "यल्ला, यल्ला" म्हणून कसे खेकसत होते... माणसं डोळे पुसेपर्यंत हसतात.

पण त्या किश्श्यातून मी एक वस्तू दरवेळी गाळते. दहा-अकरा वर्षं गाळत आलेय. नवऱ्याला त्यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं या जगात फक्त मला. तुम्हालाच का सांगते आहे? तुमची-माझी उद्या लिफ्टमध्ये गाठ पडणार नाही म्हणून. एवढंच धैर्य आहे माझ्याकडे, त्याहून जास्त समजू नका.

आधी शिर्केकाका सांगते. तेवढंच सुखाचं आहे यात.

तेव्हा आम्ही शारजातच रोल्ल्याला राहायचो, पाचव्या मजल्यावर. काका दुसऱ्या मजल्यावर, आणखी चौघांबरोबर एका फ्लॅटमध्ये. चिपळूणचे. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर — पाइप, सिमेंट, खिळे, हातमोजे, सगळ्याचा हिशेब त्यांच्याकडे. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं आणि वडील गेले. तिथे शिक्षण थांबलं. मालतीकाकू आणि मुलं गावी. शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी दुपारी ते आमच्याकडे जेवायचे. येताना हात रिकामा कधी नाही. पण माणसं जशी मिठाई आणतात तसं नाही. काड्यापेटी आणायचे. ती उघडली की आत काळा भुंगेरा.

"मेलेलाच आहे, वहिनी. मी मारला नाही. यार्डात पाइपाखाली सापडला. याचे पंख बघा, जुळून गेलेत. उडायचं सोडूनच दिलं याने. का? तर वाळवंटात पंखांखाली हवा राखायची, पाणी वाचवायचं. आहे की नाही हुशार?"

मी वरण वाढत असायचे. भुंगेरा ताटाशेजारी. आमची सई, पाच वर्षांची, "कॅन आय टेक इट टू स्कूल?" म्हणून काकांच्या मांडीवर. आमचे हे सुरमईचा काटा काढता काढता म्हणायचे, "काका, एक दिवस जिवंत निघेल हां यातून."

काकांना दोन माणसं भेटली होती, वाचनात. दोघं इंग्रज, दोघं दाढीवाले, आणि एकमेकांपासून हजारो मैलांवर बसून दोघांना एकच गोष्ट सुचली होती : हे सगळे जीव मुळात असेच घडवलेले नाहीत, ते बदलत बदलत इथवर आलेत, आणि जो परिस्थितीला पुरून उरतो त्याचा वंश पुढे जातो. त्यातल्या एकाचं नाव शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. दुसऱ्याचं नाव परीक्षेत विचारत नाहीत. काका नावं घेतच नसत. पेशव्यांसारखं 'थोरले' आणि 'धाकटे' म्हणायचे. जीव मात्र धाकट्यांवर. मीही इथे तसंच म्हणते. काकांच्या तोंडून मला ते तसेच माहीत झाले.

धाकट्यांची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. भावाबरोबर साखळ्या ओढत जमिनी मोजायचं काम. त्यात किड्यांचा नाद लागला. तो नाद त्यांना ब्राझीलच्या जंगलात घेऊन गेला. चार वर्षं पक्षी, भुंगेरे, फुलपाखरं जमवली, आणि परतताना भर समुद्रात जहाजाला आग. सगळं डोळ्यांदेखत जळालं. दहा दिवस छोट्या होडीत. हे सांगताना काकांचा घास हातातच राहायचा. "आणि वहिनी, हा माणूस घरी गेला, अंग वाळवलं, आणि परत निघाला! या वेळी मलायाच्या बेटांवर. आठ वर्षं!"

तिथे एका बेटावर थंडीतापाने फणफणलेले असताना त्यांना ती गोष्ट सुचली. ताप उतरताच दोन-तीन दिवसांत लिहून काढली आणि टपालाच्या बोटीने पाठवली — थोरल्यांनाच. थोरले त्याच विचारावर वीस वर्षं बसून होते. मग दोघांचं लेखन विद्वानांच्या एकाच सभेत वाचलं गेलं, आणि धाकटे त्या वेळी तिकडे बेटांवर पक्ष्यांमागे धावत होते. त्यांना पत्ताही नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी कधी कुरकुर केली नाही. त्या विचाराला थोरल्यांचंच नाव देत राहिले.

"मी असतो तर कोर्टात गेलो असतो," हे म्हणाले.

"म्हणून तुम्ही पर्चेसमध्ये आहात, साळवीसाहेब," काका म्हणाले. आम्ही तिघंही हसलो. मग काका एकदम हळवे झाले. "पण कागद पोचला हो! विचार करा. कुठलं बेट, कुठल्या बोटी, किती हात बदलले असतील. एकानेही वाटेत टाकला नाही."

हे वाक्य त्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर म्हटलं. मी त्यांना ताक वाढत होते.

सहा वर्षं ते धाकट्यांचं चरित्र लिहीत होते. कच्चं लिखाण कंपनीच्या रद्द झालेल्या डिलिव्हरी नोटांच्या पाठीवर : एका बाजूला सिमेंटची पोती, दुसऱ्या बाजूला मलायाच्या बेटांवरचे स्वर्गपक्षी. मग फुलस्केपवर पक्की प्रत. चारशेवर पानं, मध्ये रंगीत पेन्सिलींनी काढलेली चित्रं. पुण्याच्या एका प्रकाशकांना त्यांनी पत्र टाकलं होतं. "पाठवा, पाहू" एवढं पोस्टकार्ड आलं होतं. ते कार्ड त्यांनी पाकिटात पैशांच्या कप्प्यात ठेवलेलं मी पाहिलंय.

टपालावर त्यांचा भरवसा नव्हता. आणि आखाती माणसाचं टपाल म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक असेल — सुट्टीवर जाणारा शेजारी. कुणाची औषधं, कुणाच्या बांगड्या, कुणाचा रेडिओ. नाही म्हणायची पद्धत नाही, कारण पुढच्या महिन्यात तुमचं पार्सल त्याच्या बॅगेत असतं. त्या मे महिन्यात मी आणि सई निघालो होतो. माझं माहेर पुण्याचं. काकांनी पानांना आधी पुठ्ठे लावले, मग सिमेंटच्या पोत्याचा कोरा कागद, मग पांढरं कापड, आणि ते सुईदोऱ्याने चारही बाजूंनी शिवलं. इतके बारीक टाके आमच्या लग्नातल्या शालूलाही नव्हते.

"मूळ प्रत आहे, वहिनी," एवढंच म्हणाले.

आता विमानतळ. तोच किस्सा, गाळलेल्या वस्तूसकट.

नऊ किलो जास्त भरलं. काउंटरवरचा मल्याळी मुलगा म्हणाला, "मॅडम, कम करो, नहीं तो पैसा भरो." हे सोडायला आले होते, दिरहमचा आकडा ऐकून त्यांनी मनात रुपये केले आणि त्यांचा चेहरा उतरला. बॅगा उघडल्या. लेंगे निघाले, डबे निघाले, बदाम निघाले. तरी तीन किलो उरले. बॅगेत आता काढण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या. एक ते पांढरं पार्सल. दुसरं जाऊबाईंचं ब्लँकेट, लाल, त्यावर वाघ. जाऊबाई रत्नागिरीच्या. रत्नागिरीत ब्लँकेट कशाला लागतं, असं विचारू नका. मीही विचारलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी चारचौघींत म्हटलं होतं, "आमची गल्फवाली काय, हात हलवत येते."

माझा हात वाघावर गेला. मग सरकला. पार्सल काढून ह्यांच्या हातात दिलं.

सई म्हणाली, "ममा, दॅट्स काकाज बुक."

"नेक्स्ट टाइम, बेटा," मी म्हणाले.

बघा, इथवरचं क्षम्य आहे, असं तुम्ही म्हणाल. माणूस गडबडतो. ह्यांनीही तेच म्हटलं : "काकांना परत नेऊन देतो." मीच म्हणाले, "नको, त्यांना वाईट वाटेल. राहू दे घरी, पुढच्या खेपेला नेईन." पार्सल आमच्या कपाटाच्या माळ्यावर गेलं. तिथून तीन मजले खाली काका.

मी सुट्टीवरून परत आले तर काका लिफ्टशी उभे. ब्रशच्या केसांसारखे विंचरलेले केस, इस्त्रीचा शर्ट. मुद्दाम थांबले असणार. हे गाडी लावत होते. माझ्या कडेवर सई, हातात दोन पिशव्या —

नाही. पिशव्यांचा काही संबंध नाही.

"दिलंत?" त्यांनी विचारलं.

"हो, दिलं," मी म्हणाले.

बस. दोन शब्द. यात सगळं आलं असं मला बरेच दिवस वाटायचं. आलं नव्हतं. खरं अजून पुढे आहे.

वर्षभर त्यांनी एकदाही विचारलं नाही. "संपादक मंडळी कामात असतात. स्मरणपत्र म्हणजे घाई दाखवणं." पुढच्या मे महिन्यात मात्र बिचकत म्हणाले, "पुण्याला जाताच आहात, तर सहज डोकावाल का?" मी हो म्हणाले. पार्सल त्या खेपेला नेता आलं असतं. वजनात बसतही होतं. पण वर्षाने नेऊन दिलं की पोच वर्षाने येणार, आणि पोच आली की काकांना कळणार. कळलं तर ते रागावले असते का? छे. ते मलाच समजावत बसले असते. मला त्यांच्या रागाची भीती नव्हती. त्यांच्या डोळ्यांत मी 'वहिनींच्या हाती दिलं म्हणजे पोचलं' अशी बाई होते, आणि मला ती बाई फार आवडायची. पार्सल माळ्यावरच ठेवलं. पुण्यात त्या प्रकाशकांच्या गल्लीतही गेले नाही.

परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी काका आले. काड्यापेटी न आणता. खजूर घेऊन.

"काय म्हणाले?"

तुम्हीच सांगा, इथे काय बोलता आलं असतं? भेट झाली नाही. ऑफिस बंद होतं. एक वाक्य, खलास. पण मी पडले गोष्टी सांगणारी. मी त्यांना एक अख्खा संपादक दिला. कपाळावर चष्मा चढवून टेबलभर चष्मा शोधणारा. बशीने झाकलेला गार चहा. खुर्चीवर प्रुफांचा ढीग, म्हणून मला उभंच ठेवलं. "बसा बसा" म्हणतायत, आणि बसायला जागाच नाही! काका चष्म्याला खदखदून हसले. ते हसले की मला चेव येतो. मग हातवारे करत संपादकांचा आवाज काढून मी म्हणाले, "हात गोड आहे हो लेखकाचा. पण फाफटपसारा फार! माहितीच्या पुस्तकात या आजूबाजूच्या गोष्टी कशाला? निम्मं काढा, मग बघू."

ही टीका मी कुठून आणली असेल? आमचे हे माझ्या बोलण्याला वीस वेळा म्हणतात, "किती फाफटपसारा लावतेस!" जवळ होती ती उचलली.

काकांचं हसू थांबलं. त्यांनी खिशातून यार्डाची छोटी डायरी काढली.

"फाफटपसारा. हाच शब्द वापरला त्यांनी?"

"हो."

त्यांनी तो लिहिला. खाली रेघ मारली. "आणखी काय म्हणाले?"

आणि मी आणखी सांगितलं.

रागावले असते, खचले असते तर बरं झालं असतं. ते कृतज्ञ झाले. "मला इतकं स्पष्ट कुणी सांगितलंच नव्हतं, वहिनी." मूळ प्रत परत मागितली तर संपादक ढिगाऱ्यात शोधावी लागेल म्हणाले, असंही मी सांगून टाकलं. "राहू दे, त्यांना त्रास नको. माझ्याकडे कच्चं आहे." मग डिलिव्हरी नोटा काढून ते कापायला बसले. शुक्रवारी खाडीवर, डोंगरांकडे जायचे, ते बंद झालं. काड्यापेट्या बंद झाल्या. यायचे ते जेवणापुरते, आणि मध्येच विचारायचे, "तापाचं प्रकरण मोठं आहे. ते काढा म्हणाले असते का हो?"

मी काय म्हणायचे माहीत आहे? "असेल बहुतेक." भाताची मूद पाडता पाडता म्हणायचे. "जहाजाच्या आगीचं?" "थोडं कमी करा." चार वर्षं असं चाललं. चार वर्षं मी माझ्याच जेवणाच्या टेबलावर संपादक होते, आणि कापलेली पानं ते घरी जाऊन फाडून टाकायचे.

पुढे आम्ही घर बदलून अल नहदाच्या टॉवरमध्ये आलो. सामानाबरोबर पार्सलही आलं. हे माळा आवरताना म्हणाले, "हे अजून इथेच?" मी म्हणाले, "ती जादा प्रत आहे." त्यांनी मान डोलावली. नवरे फार विचारत नाहीत, हा त्यांचा गुण. काका साठीला टेकले, व्हिसा रद्द करून चिपळूणला गेले, आणि तिथल्या एका छापखान्यात त्यांनी पुस्तक स्वतःच छापून घेतलं. पुण्याला पाठवलंच नाही; "त्यांना पुन्हा कशाला तसदी," असं पत्रात होतं. सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाबरोबर तरी माझी प्रत आली. अगदी वेळेवर पोचली.

शहाण्णव पानं. एका दुपारी वाचून झालं. धाकट्यांचा जन्म अमुक ठिकाणी. त्यांनी खालील प्रदेशांत प्रवास केला. त्यांनी पुढील जाती गोळा केल्या. ताप एका ओळीत. आग दीड ओळीत. त्यात चूक एकही नव्हती, आणि माणूसही नव्हता. पहिल्या पानावर आभार : हस्तलिखित स्वतः पुण्यास नेऊन देणाऱ्या आणि संपादकांचं बहुमोल मार्गदर्शन आणणाऱ्या सौ. साळवीवहिनींचे.

त्या दुपारी मी स्टुलावर चढले, पार्सल काढलं आणि कात्रीने टाके उसवले.

तोवर मी त्यातलं एक पानही वाचलेलं नव्हतं. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, नाही का?

तीन दिवस वाचत होते. तापाच्या प्रकरणात काकांनी आपलाच ताप लिहिला होता : पहिल्या वर्षी लेबर कॅम्पमध्ये आलेला, जेव्हा खालच्या बंकवरचा एक अनोळखी पठाण रात्रभर त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलत होता. "ताप चढला की माणूस घरापासून जास्तच लांब जातो," त्यांनी लिहिलं होतं. "धाकटे त्या बेटावर किती लांब गेले असतील, याचा अंदाज मला आहे. तिथून ते रिकाम्या हाताने आले नाहीत, एवढाच आमच्यात फरक." जहाजाच्या आगीत एक पोपट होडीजवळ पाण्यात पडला आणि त्याला उचलून घेतलं, यावर दोन पानं होती. यार्डातला भुंगेरा होता. आमच्या बाल्कनीत येणारा जांभळा शिंजीर पक्षी होता, रंगीत पेन्सिलीत, आणि खाली बारीक अक्षरात : 'सईला दाखवला, शुक्रवार.' मी हसत होते, रडत होते, आणि पानं संपू नयेत म्हणून सावकाश वाचत होते. यातली एकही गोष्ट बाजूची नव्हती.

मग सांगितलं असेल काकांना, असं तुम्हाला वाटतंय? तेव्हा ते होते. फोन होता. नंबर पाठ होता. मी फोन केला आणि म्हणाले, "पुस्तक फार छान झालंय, काका."

"पसारा गेला ना?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी ते गेले. झोपेत. मे महिन्यात मी चिपळूणला मालतीकाकूंना भेटायला गेले, तेव्हा पर्समध्ये ती पानं नव्हती. मी ती नेलीच नव्हती. ओसरीवर काकू, दोन्ही सुना, नातवंडं, शेजारच्या दोघी. काकांच्या फोटोला हार. काकूंनी माझा हात धरला. "वहिनी, तुमचं नाव सारखं तोंडी असायचं त्यांच्या. त्या पुण्याच्या संपादकांमुळे शहाणा झालो म्हणायचे." मग डोळे पुसून, कितीतरी दिवसांनी हसल्यासारख्या हसल्या, आणि नातवंडांना जवळ बोलावलं. "या आजींना विचारा. तो चष्म्याचा किस्सा सांगतील. आजोबांना फार आवडायचा. सांगा ना, वहिनी."

आणि मी सांगितला. गार चहासकट, प्रुफांच्या ढिगासकट, आवाज काढून. कुठेही न अडखळता. मुलं पोट धरधरून हसली.